न केलेल्या गृहभेटी

१

मालोजी बडेकर या माणसाला सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नव्हतं, आणि माझ्या नोकरीचा सगळा सुखाचा भाग त्यावरच उभा होता.

दहिवलीच्या पुढे एक बंद पडलेलं रिसॉर्ट भाड्याने घेऊन आमचं मेंदू संशोधन केंद्र थाटलेलं आहे. पोहण्याच्या तलावावर पत्रे टाकून त्याखाली जनरेटर बसवलाय. जिथे शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना टॉवेल मिळायचे, तिथे आता रुग्णांच्या फायली मिळतात. बाकी भिंतीवरचे नारळ आणि डॉल्फिन जसेच्या तसे आहेत. डॉ. हर्षला या आमच्या संचालिका. विलायतेहून स्मृतिभ्रंशावरचा अभ्यास करून आल्या, आणि त्या अभ्यासाची आठवण दर दहा मिनिटांनी करून देतात.

स्मृतिभ्रंशावरच्या एका नव्या गोळीची इथे चाचणी चालते. अर्ध्या रुग्णांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी साखरेची. कोणाला कुठली हे रुग्णाला सांगत नाहीत, आणि आम्हालाही नाही. महिन्यातून एकदा रुग्णाच्या घरी जायचं, ठरलेले वीस प्रश्न विचारायचे, उत्तरांना गुण द्यायचे आणि कागद भरून आणायचा. याला गृहभेट म्हणतात. ते काम माझं. मी देवेश, मानसशास्त्रात एम.ए., मोहोपाड्याच्या कारखान्याच्या कॉलनीत वाढलेला. खालापूर तालुक्यातली नऊ घरं माझ्याकडे होती, आणि नऊही घरांत मला साहेब म्हणायचे.

पहिले दोन महिने मी इमानदारीत गेलो. कोणत्याही घरी गेलं तरी तमाशा एकच. प्लास्टिकची खुर्ची पदराने पुसली जाणार, साखरेचा पाक असलेला चहा येणार, आणि अर्धी आळी दारात उभी राहणार. "आजोबा, आज वार कोणता?" असं विचारलं की आजोबा सोडून सगळं घर उत्तर देणार. सून डोळ्यांनी खुणा करणार, कोणीतरी काका मागून कुजबुजणार. जणू परीक्षेत म्हातारा नापास झाला तर घराण्याची अब्रू जाणार होती. मी या लोकांना दहा वेळा समजावलं की ही परीक्षा नाही. ते दहाही वेळा मान डोलवायचे आणि पुन्हा कुजबुजायचे.

सप्टेंबरपासून मी जाणं बंद केलं. गृहभेटीच्या दिवशी केंद्राची गाडी घेऊन निघायचो, कुंभिवलीला हायवेवरच्या एका हॉटेलात बसायचो आणि मिसळ खाता खाता नऊ कागद भरून टाकायचो. पकडला जाण्याची भीती मला वाटली नाही. ज्याला स्वतःची चप्पल ओळखता येत नाही, तो साहेब आला होता की नव्हता याची साक्ष कशी देणार? आणि घरच्यांचं म्हणाल तर हातात फाइल असलेला माणूस जे म्हणेल त्याला ही माणसं होच म्हणतात.

२

खोटे कागद भरणं हे काम मूर्खाचं नाही. सगळ्यांना सारखे गुण दिले तर आंधळ्यालाही कळेल. मी आधी अंदाज बांधला की खरी गोळी कोणाला मिळतेय. पहिल्या दोन भेटींत ज्यांनी मळमळीची तक्रार केली होती त्यांना खरी. ज्यांनी नाही केली त्यांना साखर. मालोजीला मळमळ नव्हती. म्हणजे साखर. म्हणजे त्याची स्मृती उतरायला हवी. तीसपैकी एकोणीस, मग सोळा, मग बारा, मग आठ, असं मी त्याला बेताबेताने खाली उतरवलं. माझ्या मनात त्याच्याबद्दल वाईट काही नव्हतं. कुठलाच विचार नव्हता.

नुसते आकडे कोरडे दिसतात, म्हणून रुग्णाच्या चुकाही लिहायच्या असतात. सप्टेंबरात मी लिहिलं, 'गावाचं नाव सांगता आलं नाही.' ऑक्टोबरात, 'मुलाचं नाव सांगता आलं नाही.' नोव्हेंबरात मिसळ जरा झणझणीत होती आणि मी रंगात होतो. मनगटी घड्याळ दाखवून हे काय असं विचारायचा एक प्रश्न असतो. त्यापुढे मी लिहिलं, 'विंचू म्हणाले.' स्वतःवरच खूश झालो. अशी चूक सुचायला डोकं लागतं.

डिसेंबरात दोन महिन्यांचे कागद एकदमच भरले, कारण जानेवारीत माझे मित्र पुण्याहून पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, खायला येणार होते आणि मला सुट्टी हवी होती. सातव्या, म्हणजे शेवटच्या भेटीची तारीख घातली बावीस जानेवारी, गुरुवार, सकाळी साडेअकरा. गुण तीन. शेरा लिहिला, 'पत्नीला ओळखत नाहीत.' शेवट जरा ठसठशीत व्हावा एवढंच. नोंदणीला बसणाऱ्या अपेक्षाने गठ्ठ्यातल्या कागदांवर तारखा न वाचता धडाधड शिक्के मारले. तिच्याकडून मला तेवढीच अपेक्षा होती. शिक्का बसला की कागद बंद. त्यानंतर काही बदलायचं तर दुरुस्तीचा अर्ज लागतो, त्यात कारण लिहावं लागतं आणि डॉ. हर्षलांची सही लागते.

३

बारा जानेवारीला गोळी बनवणाऱ्या कंपनीच्या तपासनीस बाई मुंबईहून आल्या. त्यांनी यादीवर बोट ठेवून एक घर निवडलं, आणि ते मालोजीचं निघालं. मला सोबत जाणं भाग होतं. गाडीत मी थंडीतही घामाने भिजलो होतो.

कुंभिवली सोडून आत वळलं की दोन मैलांवर ते गाव आहे. रस्त्याच्या एका बाजूला गोदामांचे पत्रे, दुसऱ्या बाजूला भात कापून झाल्यावर पेरलेला वाल. मालोजीचं घर वालाच्या कडेला. पुढचं दार रस्त्याकडे, मागचं दार शेताकडे. मालोजी लोखंडी पलंगाच्या कडेला गुडघे जुळवून बसला होता. त्याची बायको जनी दारात आली. साठीची, सुकलेली, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. मला बघून तिने पदर सारखा केला.

तपासनीस बाईंनी घरचा चहा नाकारला, आपल्या बाटलीतलं पाणी प्यायल्या आणि विचारलं, "हे सर तुमच्याकडे दर महिन्याला येतात का?"

"येतात की," जनी म्हणाली. "एक महिना चुकवला नाय."

मला हसू दाबावं लागलं. जानेवारीचे कागद मी सकाळीच फायलींतून काढून ठेवले होते. बाकीची एकेक तारीख बाई वाचत गेल्या आणि जनी एकेका तारखेला हो म्हणत गेली. वर पदरचंही घालत होती. "भाताची कापनी चालू होती तवा आलेलं. मी शेतावरनं आले तर ह्ये बसलेलं, यांना इचारत व्हतं." बाईंनी सगळ्या चौकटींत खुणा केल्या. फाइलवाल्याला हो म्हणण्याची या लोकांची खोड माझ्या इतकी कामी येईल असं वाटलं नव्हतं. मी जनीकडे पहिल्यांदाच जरा मायेने बघितलं.

बाई फोनवर बोलायला अंगणात गेल्या, तेव्हा जनीने मला मागच्या पडवीत बोलावलं.

"साहेब, एक बोलू? राग नका मानू."

"बोला."

"तुमी येता, नीट इचारता, उत्तराची वाट बगता. आमचा पोरगापन त्यांच्याशी येवढं बोलत नाय. पन तुमी येऊन गेलात की यांचं एकेक जातं." तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली. "गनपती गेल्यावर आलात, तवापास्नं गावाचं नाव नाय. मंग पोराचं नाव गेलं. पोरगा समोर हुबा ऱ्हायला आनि हे म्हनतात, पावनं कुठलं? दिवाळीनंतर आलात, तवापास्नं घड्याळाला भितात."

"भितात म्हणजे?"

"विंचू म्हनतात. भितीवरचं काढून ठेवलं मी. हातात काठी घेऊन बसायचं त्याच्यापुढं."

मी आत वळून बघितलं. पलंगाच्या वर भिंतीत एक खिळा होता आणि खिळ्याखाली ताटाएवढा गोल, बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ.

"आनि तुमी गाडी कुठं ठेवता?" ती पुढे म्हणाली. "आज रस्त्यानं आलात. येरवी मागनं येता, वालातनं. बुटाला माती आसते. मी म्हनते पाय धुवा, तर ऐकत नाय. चाला हात लावत नाय. आज लई घाईत दिसता."

ती खालच्या आवाजात बोलतच होती.

"आता एकच ऱ्हायलंय त्यांच्याकडं. सकाळी डोळा उघाडला की हाक मारतात, 'जने'. तेवढी हाक आली की माजा दिस जातो. बाकीचं गेलं तर गेलं. या टायमाला तुमी नका येऊ, साहेब."

४

शिकलेल्या माणसाने अशा वेळी काय करावं? डोकं चालवावं. मी परतीच्या वाटेवर ते चालवलं.

गाव, मुलगा, मग वस्तू, मग बायको. स्मृतिभ्रंशाची गाडी साधारण याच रुळावरून जाते. मी पुस्तकं वाचून चुका लिहिल्या होत्या, आणि मालोजीने पुस्तक न वाचता त्या केल्या. यात नवल नव्हतं. राहिला विंचू. ऑगस्टच्या खऱ्या भेटीत तो तसं काही पुटपुटला असेल, माझ्या मनात कुठेतरी राहिलं असेल, आणि मिसळ खाताना ते वर आलं असेल. मी जनीच्या अडाणीपणावर आणि जरासा स्वतःच्या घाबरण्यावर हसलो.

तारखांचं मात्र जमेना. जनी तारखा लक्षात ठेवणारी नव्हती, पण गणपती, कापणी, दिवाळी हे तिने बरोबर सांगितलं होतं. कोणीतरी तिथे जात होतं. तपासनीस बाईंना कर्जत स्टेशनला सोडल्यावर मी झाकीरला विचारलं. झाकीर केंद्राची गाडी चालवतो, पन्नाशीचा आहे, आणि त्याच्या हिश्शाच्या मिसळीपायी सगळं माहीत असून गप्प असतो.

"झाकीरभाई, आपण दिवाळीनंतर मालोजीकडे गेलो होतो का? एखाद वेळी? मी विसरलो असेन."

"कुठे, साहेब?" तो आरशात माझ्याकडे बघत म्हणाला. "आपण कुंभिवलीच्या पुढे गेलोच नाही. कुराणाची शपथ घेऊन सांगतो."

"मग ठीक आहे."

"एक सांगू? वाईट वाटून घेऊ नका." तो जरा घुटमळला. "तुम्ही तिथे बसून लिहिता ना, तेव्हा प्रश्न तोंडाने वाचता. वाचता, मग थांबता. चांगले अर्धा-एक मिनिट थांबता. मग मान हलवता आणि लिहिता. पहिल्यांदा मला वाटलं, फोनवर आहात. पण कानाला काही नव्हतं."

"उत्तर काय लिहायचं याचा विचार करत असेन."

"असेल," झाकीर म्हणाला. "पण हॉटेलवाल्याने मला विचारलं होतं, साहेबांसोबत दुसरं कोण बसलंय, दोन पाणी ठेवू का म्हणून."

मी त्याला समोर बघून गाडी चालव असं सांगितलं. हॉटेलवाले गिऱ्हाईक वाढवायला काय वाटेल ते विचारतात.

५

दुसऱ्या दिवशी जनीचा फोन आला. नंबर तिला मीच पहिल्या भेटीत दिला होता, गोळीने उलट्या झाल्या तर कळवायला.

"साहेब, त्या बाई कागदातनं वाचत होत्या. यांना गावाचं नाव येत नाय, पोराचं नाय, आसं. ते तुमीच लिवता ना?"

"हो. जे असतं ते लिहितो."

"आधी लिवता का नंतर?"

ही बाई अंगठा उठवते. तिच्या संमतिपत्रावर तिचा निळा अंगठा मी स्वतः घेतला होता. मी म्हणालो की असले भलते प्रश्न विचारू नका.

"फुडचं पन लिवलंय का?" तिने विचारलं. मी काही बोललो नाही, आणि तेवढ्यावरून तिला कळलं. "मंग पुसा. माज्यापुरतं तेवढं पुसा. पुसता येतं का नाय?"

"नाही," मी म्हणालो. "एकदा शिक्का बसला की नाही पुसता येत."

ते खोटं होतं. एक अर्ज पुरेसा होता. पण त्या अर्जात कारण लिहायचं म्हणजे काय लिहायचं? भेट व्हायच्या आधीच भेटीचा कागद भरला हे. मग सप्टेंबरापासूनचं सगळं उपसणार, नऊ घरांचे पंचेचाळीस कागद. आणि हे सगळं कशासाठी, तर एका म्हातारीला वाटलं म्हणून?

तरीही मी अर्ज घेऊन डॉ. हर्षलांच्या खोलीत गेलो. का गेलो ते माझं मला माहीत नाही. त्या पडद्यावर रुग्णांचे आलेख बघत होत्या. त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही, खूश झाल्या की त्या विसरतात.

"देवेश, हे बघ. तुझ्या भागातले आलेख किती स्वच्छ आहेत. इतर ठिकाणी नुसता गोंधळ. हा सात नंबरचा रुग्ण तर पाठ्यपुस्तकात छापण्यासारखा उतरतोय." सात नंबर म्हणजे मालोजी. "तपासनीस बाई म्हणाल्या, घरची माणसं तुझ्याबद्दल फार प्रेमाने बोलतात. तुझ्या हातात काय आहे?"

"काही नाही," मी म्हणालो आणि अर्जाची घडी करून खिशात घातली. हिला विलायतेत काय शिकवलं कोण जाणे, एक सरळ रेघ बघून जिला शंका येत नाही. बाहेर येऊन मी डॉल्फिनच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. मला तिचा राग आला होता की माझा, ते कळत नव्हतं.

६

गुरुवारी बावीस तारखेला मी स्वतः गेलो. मित्रांची पोपटी रद्द केली. माझा हिशेब सरळ होता. साडेअकराला मीच त्या खुर्चीत बसलेलो असलो, तर दुसरं कोणी कसं बसेल? मी प्रश्न विचारीन, मालोजी बायकोला ओळखेल, आणि जनीच्या डोक्यातलं आणि माझ्या डोक्यातलं हे खूळ एकदाच जाईल.

दहा वाजता पोचलो. जनीने मला बघितलं आणि दारातच उभी राहिली. मी म्हणालो, "मागचं दार लावून घ्या." तिने कडी घातली, वर पाटाही टेकवून ठेवला. पुढचं दार मी लावलं. घरात तिघंच होतो. खुर्ची मी पलंगापासून चांगली दोन हात लांब ठेवली आणि फाइल मांडीवर घेतली.

"बाबा, ही कोण?"

मालोजीने मान वळवली. "जनी," तो म्हणाला. "जने, पावन्याला चा दे."

जनीने तोंडाला पदर लावला. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगोलग रागही आला, की या दोन अडाणी जिवांपायी मी दहा दिवस नीट झोपलो नव्हतो. मी चहा घेतला. गोड मिट्ट होता, तरी सगळा प्यायलो. मग आम्ही बसून राहिलो. फोनवर अकरा वीस झाले, अकरा पंचवीस झाले. बाहेर गोदामाकडे ट्रक मागे घेत होते, त्यांची टूं टूं ऐकू येत होती. मग तीही थांबली.

साडेअकराला मालोजीने गुडघे बाजूला घेतले. सहा आसनी रिक्षात समोर कोणी बसायला आलं की आपण अंग चोरतो, तसे. मग त्याने समोर बघितलं. माझ्याकडे नाही. मी दोन हात लांब होतो, आणि त्याची नजर त्याच्यापासून वीतभर अंतरावर थांबली होती. तिथे चेहरा असावा अशी.

"नाय," तो म्हणाला.

मी काहीच विचारलं नव्हतं.

"नाय ठावं." जरा वेळ गेला. "नाय." पुन्हा वेळ. आता त्याने बोटं वर करून काहीतरी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "नाय येत."

मला ते वीस प्रश्न पाठ आहेत. वार, महिना, गाव, मुलगा, वजाबाकी. तो क्रमाने चालला होता. प्रत्येक उत्तराआधी अर्धा-एक मिनिट शांत बसायचा, चेहऱ्यावर लाजल्यासारखं हसू ठेवून. ज्याचं कोणीतरी नीट ऐकतंय अशा माणसासारखा.

"बाबा, इकडे बघा," मी म्हणालो. "माझ्याकडे बघा. मी विचारतोय."

त्याने हात वर करून मला गप्प केलं. मोठी माणसं बोलत असताना पोराला करतात तसं.

माझ्या हातातलं पेन पडलं आणि पलंगाच्या दिशेने घरंगळत गेलं. मी ते उचलायला वाकलो. वाकल्यावर, माझ्या खुर्चीच्या आणि पलंगाच्या मधे, मला दोन बूट दिसले. टाचा माझ्याकडे होत्या. वालाच्या शेतातली ओली माती लागलेली होती, आणि डाव्या टाचेची बाहेरची कड झिजली होती. डाव्या पायावर भार देऊन चालणाऱ्याची झिजते तशी. माझी झिजते तशी.

मी मान वर केली. समोर मालोजी होता, आणि मधे रिकामी फरशी.

"आता शेवटचा," तो कोणाला तरी म्हणाला, किंवा कोणी त्याला म्हटलेलं त्याने पुन्हा म्हटलं. मग त्याने हळूच मान वळवून जनीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. कोणाच्या तरी लग्नात भेटलेल्या बाईकडे बघावं इतक्या अदबीने.

"बाई," मालोजी म्हणाला, "तुमी कोनाच्या?"

जनी रडली नाही. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, परक्या पुरुषासमोर ओढतात तसा, आणि म्हणाली, "मी हितलीच."

मागच्या दाराची कडी लागलेलीच होती. पाटा जागचा हलला नव्हता. फरशीवर मात्र पलंगापाशी माती पडली होती, आणि मी बघत असताना जनीने ती खराट्याने मागच्या दाराकडे लोटून नेली.

७

दुरुस्तीची शेवटची तारीख एकतीस जानेवारी होती. त्यानंतर सगळे कागद कंपनीकडे जाणार होते.

या नऊ दिवसांत जनीने मला चार वेळा फोन केला. प्रत्येक वेळी एकच विचारलं, अजून पुसता येतं का. प्रत्येक वेळी मी नाही म्हणालो. ती तेवढ्यावर फोन ठेवायची, शिव्या द्यायची नाही. दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

अर्ज माझ्या टेबलावरच होता. मी तो भरलाही होता, सहीपुरता बाकी ठेवला होता. रोज सकाळी तो समोर घ्यायचो आणि स्वतःशी वाद घालायचो. शेरा खोडला आणि मालोजीला काहीच आठवलं नाही, तर मी फुकट नोकरी घालवली. शेरा खोडला आणि त्याला जनी आठवली, तर मग मला ते सगळं खरं मानावं लागणार होतं, पंचेचाळीसच्या पंचेचाळीस कागद. मग बाकीच्या आठ घरांतही जाऊन बघावं लागणार होतं. त्या आठ घरांतल्या लोकांचं काय गेलं हे मी कोणाला विचारलेलं नव्हतं. आजही विचारलेलं नाही.

आयुष्यभर मी लोकांना भित्रे, मठ्ठ, होयबा म्हणत आलो. एकतीस तारखेला पाच वाजता अपेक्षा गठ्ठा न्यायला आली, आणि मी तिला म्हणालो की माझ्याकडून काही दुरुस्ती नाही. तिने विचारलं, नक्की ना? मी म्हणालो, नक्की. माझी मला किळस आली. त्यानंतर मी घरी जाऊन जेवलो.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी, पुन्हा जनीचा फोन आला. मी उचलणार नव्हतो, पण उचलला.

"पुसायचं इचारत नाय," ती आधीच म्हणाली. "ते आता कोनालाच वळखत नाय. पोराला नाय, मला नाय. मी घास भरवते तर हात जोडतात, म्हनतात, बाई, तुमचे लई उपकार. पन साहेब, तुमचं नाव घेतात."

"माझं?"

"देवेश साहेब कवा येतील, आसं दिसभर चालू आसतं. तेवढं एकच नाव ऱ्हायलंय त्यांच्याकडं. तुमी दोन शब्द बोला त्यांच्याशी. तुमचा आवाज वळखतील. कोनाला तरी वळखू दे. मला तेवढंबी पुरं हाय."

मी नाही म्हणू शकलो नाही. तिने फोन त्याच्या कानाला लावला असावा, कारण म्हाताऱ्याचा श्वास ऐकू आला, संथ, खुशालीत बसलेल्या माणसाचा.

"बाबा," मी म्हणालो. "मी देवेश बोलतोय."

तो ऐकत राहिला. मी पुन्हा म्हणालो, जरा मोठ्याने, "बाबा, मी देवेश. केंद्रातला. ओळखलंत का?"

फोन त्याच्या कानापासून लांब गेला. पलीकडे तो बायकोला, म्हणजे त्याच्या लेखी जी कोण असेल तिला, हळू आवाजात सांगत होता, कोणाच्या बोलण्यात खंड पडू नये इतक्या हळू.

"बाई, ह्यो कोन दुसराच हाय. ठेवा तो फोन. साहेब बोलतायत."